वेष्टनातलं इंग्रजी

श्रुतपंचमीच्या सकाळी आमच्या घराला लवंगेचा वास येतो. घरातले सगळे ग्रंथ त्या दिवशी कपाटातून बाहेर काढायचे, मऊ फडक्यानं पुसायचे, कसर लागू नये म्हणून पानांत लवंगा ठेवायच्या आणि नव्या कापडात, म्हणजे वेष्टनात, बांधून परत जागेवर ठेवायचे, ही आम्हा जैनांची वर्षातून एकदाची रीत. जुनं वेष्टन सोडलं की आत वर्षभर कोंडलेला वास नाकात शिरतो. जुना कागद, कापूर, थोडी ओल. यंदा गाठी सोडायला नात आली होती, पुण्याहून. माझ्या बोटांना हल्ली गाठी सुटत नाहीत. मारता मात्र झकास येतात.

"आजी!" निधी एकदम किंचाळली. "हे काय? ही तर नॉव्हेल आहे. इंग्लिश!"

"हळू. तुझ्याच वयाचं आहे ते. झोपलंय."

तिनं पुस्तक उलटंपालटं केलं, मोबाइलवर त्याचं नाव टाकलं आणि माझ्याकडे बघत राहिली. "ह्याच्यावर बॅन होता आपल्याकडे? आणि तुझ्याकडे आहे?" तिच्या आवाजात त्या क्षणी जो आदर होता, तो माझ्या पुरणपोळ्यांनीही मला कधी मिळवून दिला नव्हता.

मी वाटीतल्या लवंगा निवडत राहिले. असा आदर घाईघाईनं परत करायचा नसतो.

पण खरं सांगायचं तर ज्या बाईनं ते पुस्तक आणलं ती काही शूर नव्हती. मी तिला चांगली ओळखते. पंचेचाळिशीची, अंगानं भरलेली, नेसरीच्या शाळेत दहावी झालेली आणि कॉलेजात एक वर्ष काढून लग्न झालं म्हणून सुटलेली. झुरळाला भ्यायची. साखर कारखान्याच्या साहेबाच्या बायकोला भ्यायची. आपण मात्र लई पुढारलेल्या आहोत असं तिला वाटायचं, कारण भिशीतल्या बायकांत पेपर पहिल्या पानापासून वाचणारी ती एकटीच होती. आता आठवलं की तिच्या पाठीत एक धपाटा घालावासा वाटतो.

तेव्हाचा कसबा बावडा, कोल्हापूरला लागून असलेलं आमचं गाव, वेगळा होता. आता खिडकीतून समोरच्या अपार्टमेंटमधले वाळत घातलेले कपडे दिसतात, तेव्हा ऊस दिसायचा. दिवाळी सरली की कारखान्याची चिमणी पेटायची आणि हवेला मळीचा तो गोड-आंबूस वास चढायचा. पाहुणे नाकाला पदर लावायचे. आम्हाला तो चार दिवस आला नाही तर चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. वाऱ्याची दिशा बदलली की काजळीची काळी फुलं तरंगत यायची, वाळवणावर, धुण्यावर, अंगणातल्या तुळशीवर. ती पुसायची नाहीत, फुंकायची. पुसली की फराटा उठतो. आणि दुपारी चारला भोंगा व्हायचा. पाळी बदलायची, सायकलींच्या घंटा वाजायच्या, बैलगाड्यांची चाकं करकरायची. आमच्या घरातलं घड्याळ त्या भोंग्याकडे बघून चालायचं.

दारातल्या वेताच्या खुर्चीत आप्पा बसलेले असायचे. माझे सासरे. चाळीस वर्षं हायस्कुलात त्यांनी इंग्रजी शिकवलं, आणि रिटायर झाल्यावर काचबिंदूनं त्यांची नजर बाजूनं बाजूनं खात आणली. समोरचं मधलं तेवढं दिसायचं, नळीतून बघावं तसं. भिंग घेऊन ते पेपरातली एकेक ओळ शोधायचे आणि सापडली की शाळेतल्या पोरासारखे हसायचे.

मुलीच्या पहिल्या बाळंतपणासाठी मी परदेशी निघाले, तेव्हा सगळ्या घराची यादी माझ्याकडे होती. कुणाला अत्तर, कुणाला चॉकलेट, ह्यांना दाढीचं मशीन. आप्पांनी काहीच सांगितलं नव्हतं. गाडी दारात आली तेव्हा त्यांनी मला खुर्चीजवळ बोलावलं.

"त्या पुस्तकाचं ऐकलंयस न्हवं? बंदी घातलीया ते?"

ऐकलं नव्हतं असं कोण होतं? पेपरात तेच, चहाच्या गाड्यावर तेच. कशावरून एवढं पेटलं होतं ते मला आता नीट सांगता यायचं नाही. तेव्हाही आलं नसतं.

"तिकडं मिळतं म्हणं," आप्पा म्हणाले. "मी जन्मभर पोरांना सांगत आलो, वाचल्याबिगर बोलू नगासा. आणि आता त्या पुस्तकावर सगळी बोलत्यात आन् मी बी मान हलवतोय. वाचल्याबिगर मराय नगं वाटतंय, पोरी. जमलं तर बघ. न्हाई जमलं तरी काय न्हाई."

'न्हाई जमलं तरी काय न्हाई' असं म्हणताना त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला होता. तो काढेपर्यंत गाडीवाल्यानं तीनदा हॉर्न वाजवला.

मुलगी लंडनपासून तासाभरावर राहायची, पण बावड्यात सगळे लंडनच म्हणायचे आणि मीही कुणाला दुरुस्त केलं नाही. ही निधी तिथं झाली, सप्टेंबरात, मूठभर. शेक, धुरी, डिंकाचे लाडू, सगळं मी त्या थंड देशात रीतसर पार पाडलं. धुरीनं घरातली आगीची घंटा वाजली तेव्हा जावई टेबलावर चढून टॉवेलनं वारा घालत होते आणि मी ओव्याचा विस्तव लपवत होते. पण मनात ते पुस्तक होतं.

एका दुपारी बाळबाळंतीण झोपलेली बघून मी निघाले. नऊवारीवर जावयांचा कोट, पायात मुलीचे बूट. स्टेशनाजवळ पुस्तकाचं दुकान होतं. वाटेत मी एक वाक्य घोकत होते. माझी कल्पना अशी की असलं पुस्तक गल्ल्याखाली ठेवलेलं असणार, आजूबाजूला बघून, हळू आवाजात मागायचं असणार. मी दुकानात कुणी नाही असं होईपर्यंत बागकामाची पुस्तकं चाळत उभी राहिले. मग काउंटरवरच्या म्हातारीच्या कानाशी वाकून पुस्तकाचं नाव कुजबुजले.

"काय?" ती मोठ्यानं म्हणाली.

मी परत कुजबुजले. तिनं दाराजवळ बोट दाखवलं. तिथं एक तारेची टोपली होती, उरलेल्या पुस्तकांची, अर्ध्या किमतीतली. आमच्याकडे ज्याच्यापायी पेपर पेटले होते ते पुस्तक तिथं लोणच्याच्या पाककृती आणि कुत्रं कसं पाळावं ह्यांच्यामध्ये आडवं पडलं होतं. मुखपृष्ठावर केस मोकळे सोडलेली एक बाई, पाठमोरी.

मला काय वाईट वाटलं म्हणून सांगू! एवढं धाडस बांधून आलेली मी, आणि माझं धाडस टोपलीत.

"पिशवी हवी?" म्हातारीनं विचारलं.

"हो," मी म्हटलं. "काळी."

आमच्याकडे काही वस्तू काळ्या पिशवीतच मिळतात. तिला ते कसं कळावं? तिनं पांढरी दिली, त्यावर दुकानाचं नाव ठसठशीत. मी ती उलटी करून घातली.

परतीच्या आदल्या दिवशी मात्र माझी गाळण उडाली. विमानतळावर धरलं तर? ह्यांची कारखान्यातली नोकरी? पेपरात फोटो? रोज वाचायचं माझं स्तोत्रांचं छोटं पुस्तक एका तांबड्या वेष्टनात बांधलेलं असायचं. मी त्याच वेष्टनात ते दुसरं घातलं आणि अशा गाठी मारल्या की मलाच सुटेनात. मुंबईला अधिकाऱ्यानं ट्रंक उघडली, ते गाठोडं उचललं.

"यात काय, मावशी?"

"पोथी," मी म्हटलं. खोटं नव्हतंच ते. पोथी होतीच आत.

त्यानं गाठोडं कपाळाला लावून परत ठेवलं. मला घाम फुटला, आणि तो कोल्हापूर येईपर्यंत वाळला नाही.

एकदा पोथी म्हटलं की ती घरातही पोथीच राहायला हवी. म्हणून स्तोत्रं तेवढी काढून घेतली आणि ते वेष्टन ग्रंथांच्या कपाटात गेलं, अगदी खालच्या फळीवर, कोपऱ्यात. घरात फक्त आप्पांना माहीत. निदान मी तसं समजत होते.

आणि मग त्या दुपारी सुरू झाल्या.

मला जर कुणी विचारलं की आयुष्यातलं काय परत हवं, तर मी त्या दुपारी मागेन. जेवणं झालेली, भांडी पालथी घातलेली. हे कारखान्यावर. सासूबाई स्वयंपाकघरात सुपात ज्वारी घेऊन बसलेल्या. त्यांना आम्ही सगळे अव्वा म्हणायचो, त्यांचं माहेर सीमेपलीकडचं, कर्नाटकातलं. सुपाचा सपक् सपक् आवाज यायचा. मळीचा वास, उन्हाचा पट्टा, खुर्चीत आप्पा डोळे मिटून. मी खाली चटईवर, डोक्यावर पदर, मांडीवर ते पुस्तक आणि शेजारी पाठ फाटलेली डिक्शनरी. माझं इंग्रजी म्हणजे ओढ्यातल्या दगडांवरून पाय टाकत जाणं. एका शब्दावर उभी राहायची, पुढचा दगड कुठं आहे बघायची.

"अगं, ठसक्यात वाच की," आप्पा म्हणायचे. "सौद्यात गुळाचा भाव सांगतियास व्हय?"

पुस्तकात नदीकाठची एक बाई होती. ती केस धुवायची, नावेची वाट बघायची, घरच्यांशी भांडायची. मी रोज वाट बघत होते की आता ते भयंकर काहीतरी येईल. येत होती ती नदी. आप्पांना मात्र तेच आवडायचं. "बघ," ते म्हणायचे, "हिच्यापायी गाव पेटलं. आन् ही बसलीया केस वाळवत."

एकदा मात्र आलं. नाव आली, नावाडी आला, आणि पुढच्या ओळी माझ्या तोंडातून सासऱ्यांपुढे निघणं शक्य नव्हतं. मी थांबले. पदर पुढं ओढला.

"काय झालं?"

"आप्पा, हितं दोन पानं चिकटल्यात."

"कशानं? काकवी सांडली काय?"

स्वयंपाकघरातलं सूपही थांबलं होतं, हे माझ्या नंतर लक्षात आलं. आप्पा मिटल्या डोळ्यांनी हसले. "चिकटली आसली तर तुझी तू सावकाश सोडव. मी फुडनं ऐकतो."

काजळीचं एखादं फूल उघड्या पानावर येऊन बसायचं. मी फुंकायची. कधी विसरून बोट लागायचं. चारचा भोंगा झाला की उसाच्या वाळल्या पाचटाची एक पट्टी खूण म्हणून घालायची आणि वेष्टनाला गाठ.

मग ज्येष्ठ आला आणि श्रुतपंचमी. त्या सकाळी मी दळण आणायला गिरणीत गेले होते. परत आले तर कपाट सताड उघडं, खालची फळी रिकामी. आप्पा खुर्चीत सरळ बसलेले.

"पोरी, पळ," ते म्हणाले. "तुझं इंग्रजी बस्तीत गेलं."

बस्ती म्हणजे आमचं मंदिर. अव्वांनी घरातले सगळे ग्रंथ टोपलीत भरून तिकडे नेले होते, चार घरच्या बायकांबरोबर बसून नवी वेष्टनं घालायला. मी पिठाच्या हातांनी पळाले. मंडपात बायका ओळीनं बसल्या होत्या. लवंगांची वाटी, पिवळ्या कापडांचा ढीग. आणि अव्वांच्या मांडीवर माझं तांबडं गाठोडं, सोडलेलं. ती मोकळ्या केसांची बाई उघड्यावर.

शेजारच्या गल्लीतल्या कुसुमकाकू मान लांब करून बघत होत्या. त्यांना एखादी गोष्ट सांगितली की दवंडी पिटायचा खर्च वाचायचा.

"हे काय वं, अव्वा? इंग्रजी?"

"व्हय," अव्वा म्हणाल्या. "आमच्या ह्यांचं हाय. सुनंनं लंडनास्नं आणलंया."

"लंडनात बी आपली शास्त्रं मिळत्यात?"

"का? ज्ञान काय तुझ्या परसात उगवतंय व्हय?"

कुसुमकाकूंची मान आत गेली. अव्वांनी फडक्यानं ती बाई स्वच्छ पुसली, पानांत दोन लवंगा टाकल्या, पिवळं कापड घेऊन चार घड्या घातल्या. आणि मग मी बघितलं. बाकीचे ग्रंथ त्यांनी एकेक करून पुढच्या पाटावर नेऊन ठेवले, अक्षता वाहिल्या. ते एकच गाठोडं पाटावर ठेवलं नाही. पूजा संपेपर्यंत मांडीवर घेऊन बसल्या. कुसुमकाकूंना जे सांगायचं ते सांगितलं, देवापुढं मात्र त्यांनी काही खोटं मांडलं नाही.

वाटेत मी खाली मान घालून चालत होते. कारखान्याच्या वळणावर अव्वा म्हणाल्या, "बाईचं चित्र हाय वर. निदान कव्हर तरी घालायचं हुतंस."

"व्हय, अव्वा."

"आन् ती चिकटलेली पानं? सुटली का?"

मी रस्त्यातच बसायची राहिले. सुपाच्या सपक् सपक् आवाजामागं ती बाई सहा महिने ऐकत होती. इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. आमचे आवाज ऐकत होती.

पावसाळ्यात आप्पांना उरलंसुरलंही दिसेना झालं. खुर्चीपर्यंत धरून आणावं लागायचं. श्रावणात एकदा त्यांनी विचारलं, "किती ऱ्हायलं गं?"

मी पानं चिमटीत धरून दाखवली. मग आठवलं की दिसत नाही, म्हणून त्यांचं बोट धरून त्या जाडीवर ठेवलं. ते बराच वेळ चाचपत राहिले. "म्हंजे थोडंच," ते म्हणाले. "हे संपलं की मी मोकळा."

सहज म्हणाले असतील. पण त्या पंचेचाळिशीच्या शहाणीनं ते मनात धरलं. संपलं की मोकळा, म्हणजे संपूच द्यायचं नाही. सोपं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं पाचटाची खूण चार पानं मागं घातली आणि कालचंच वाचलं. त्यानंतर परवाचं. दोन पानं पुढं, तीन मागं. आंधळ्या माणसाला काय कळतंय, असं तिला वाटलं. चाळीस वर्षं पोरांच्या कॉप्या पकडलेला माणूस तो!

"ह्या बाईनं काल केस धुतलं हुतं न्हवं?" आप्पांनी एकदा विचारलं.

"आज परत धुतल्यात, आप्पा."

"आस्सं. लई स्वच्छ बाई हाय."

आणि परत डोळे मिटून घेतले.

असा दुसरा हंगाम आला. चिमणी पेटली, काजळी उडू लागली. एका दुपारी मी जरा पुढं गेले होते, बाई नावेत पाय ठेवत होती, तेवढ्यात चारचा भोंगा झाला. "हितंच ठेव," आप्पा म्हणाले. "खूण घाल." त्यांनी हात पुढं केला, पुस्तक चाचपलं, उरलेली पानं बोटांत धरली आणि सोडली.

तिसऱ्या दिवशी आप्पा गेले. अकरा पानं राहिली होती.

लोक भेटायला येत होते. 'सोनं झालं' म्हणत होते. मला मात्र एकच ऐकू येत होतं, 'वाचल्याबिगर मराय नगं वाटतंय.' दुसऱ्या कुणी नाही, मीच त्यांना न वाचता पाठवलं होतं. चार दुपारी सरळ वाचलं असतं तर संपलं असतं. मी मात्र त्यांना त्या नदीत मागं-पुढं करत ठेवलं, माझ्या हौसेसाठी. किती दिवस मी त्या कपाटाकडे पाठ करून बसायची.

सुतकाचे दिवस सरले. एका दुपारी अव्वा सूप घेऊन बाहेर आल्या आणि त्या वेताच्या खुर्चीशेजारी खाली टेकल्या.

"ते इंग्रजी संपलं हुतं का?"

"न्हाई, अव्वा. अकरा पानं ऱ्हायली." आणि मला रडू फुटलं. मी सगळं सांगितलं. मागं घातलेल्या खुणा, परत परत धुतलेले केस.

त्या ज्वारीतले खडे वेचत राहिल्या. "त्यास्नी ठावं हुतं," त्या म्हणाल्या. "मला म्हनलं, पोरगी माघारी वाचतिया. म्हनलं, सांगा की मग तिला. तर म्हनत्यात, ऱ्हाऊ दे. लई गोड वाचतिया."

सपक् सपक् आवाज परत सुरू झाला. मी डोळे पुसले. गोड वाचते म्हणे! माझं ते इंग्रजी!

त्यानंतर दरवर्षी श्रुतपंचमीला अव्वा ते गाठोडं स्वतःच्या मांडीवर घेऊन नवं वेष्टन घालायच्या, त्यांच्या शेवटच्या वर्षापर्यंत. मग मी घालू लागले. वाचायला उघडलं मात्र कधीच नाही.

"आजी, हे काळे डाग कसले?" निधी पानं उलटत होती.

"काजळी. फुंकायची सोडून बोट लावलं की असं होतं."

"आणि हे काय?" पाचटाची पट्टी तिच्या बोटांत चुरून गेली. तिला वाईट वाटलं. मी म्हटलं, असू दे. सगळं सांगून झालं होतं तोवर. तिनं उरलेली पानं मोजली. मग म्हणाली, "अकराच पानं ना? मी आत्ता वाचून दाखवते. वीस मिनिटांत संपेल."

वीस मिनिटं!

"एक पान वाच," मी म्हटलं. "आज एकच. पुढच्या श्रुतपंचमीला आलीस की पुढचं."

"अकरा वर्षं? आजी, तू तेव्हा ऐंशीच्या पुढं असशील."

"असेन की. मधेच जाऊन कसं चालेल? गोष्ट अर्धी आहे."

तिनं वाचलं. ठसक्यात, कुठल्याही दगडावर न अडखळता. मी खाली चटईवर बसून ऐकलं, सवयीनं डोक्यावर पदर घेऊन. नाव काठापासून सुटली. समोरच्या अपार्टमेंटमध्ये कुणाचा तरी मिक्सर लागला. भोंगा आता त्या सगळ्यातून इथवर पोचत नाही. पान संपलं तिथं तिनं नव्या पिवळ्या कापडाची एक चिंधी खूण म्हणून घातली आणि हात धुवायला आत गेली.

मी दाराकडे एकदा बघितलं, चिंधी काढली, एक पान मागं घातली आणि गाठ मारली. घट्ट.